घरघंटीला पटलेलं बोट

धाकटा भाऊ येणार म्हणून मी आदल्या दिवशीच कळण्याचं दळण निवडून ठेवलं होतं. ज्वारी, तिच्यात अख्खे काळे उडीद, मिठाचे चार खडे, चिमूटभर मेथ्या. एवढंच तर असतं. पण हिवाळ्यात वांग्याच्या भरताबरोबर ही भाकरी खाल्ली नाही, तर आमच्याकडच्या माणसाला वर्ष फुकट गेल्यासारखं वाटतं.

धाकटा म्हणते खरी, पण तोही पासष्टीचा. खांडबाऱ्याकडे त्याची शेती, मिरची लावतो. पाऊस सरता सरता त्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं. जखम भरली, डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे, आणि हा मात्र जेवेना. दोन घास खायचा नि भिंतीकडे तोंड करून पडायचा. शेताकडे फिरकेना. भावजय फोनवर रडायची. एकदा मीच त्याला विचारलं, बाबा, तुला खावंसं तरी काय वाटतं? तर म्हणाला, "तुन्हा हातनी कळणानी भाकर."

दोन महिन्यांत त्याने तोंडाने मागितलेली ही पहिली गोष्ट. मी म्हटलं, तू ये फक्त.

आता मला काय ठाऊक, मधे ही घरघंटी, म्हणजे घरातली पिठाची चक्की, आडवी येणार म्हणून. माझी जुनी घंटी साधी होती. एक बटण, खाली केलं की सुरू, वर केलं की बंद. बारा वर्षं तिने तक्रार केली नाही. सुरतेला असलेल्या माझ्या मुलाने दिवाळीत ती बदलून नवी आणली. काळी कुळकुळीत काच, बटण एकही नाही, नुसत्या खुणा. त्यांवर बोट टेकवायचं, म्हणजे आतली बाई हिंदीत बोलते. नातू खेळेल म्हणून मुलाने तिला कुलूप घातलं आणि जाताना काढायचं विसरला. दिवाळीचं पीठ सरेपर्यंत मलाही कळलं नाही. फोन केला तर म्हणाला, आई, सोपं आहे, दोन खुणांवर दोन बोटं पाच सेकंद ठेव.

ठेवली. पाच काय, पन्नास मोजले. बाई म्हणाली, "कृपया दोबारा प्रयास करें." बोटं पुसून ठेवली, ओली करून ठेवली, तेल लावून ठेवली. तिचं एकच, दोबारा. तेव्हा कळलं की तिला माझं बोट लागतच नाही. साठ वर्षं खुरपं धरून माझ्या बोटांना घट्टे पडलेत. रेशनच्या दुकानातलं यंत्रसुद्धा माझा अंगठा बघून विचारात पडतं, तिथे ही काचेची बया काय ओळखणार?

मग मी वाकले आणि नाक लावलं. खोटं नाही सांगत, नाकाने दिवा लागला! पण खुणा दोन आणि नाक एक. हनुवटी दुसरीपर्यंत पोचते का बघत होते, तेवढ्यात शेजारीण दारात. "काकू, घंटीना मुका ली ऱ्हायन्यात का?"

तिला म्हटलं, हस नंतर, आधी तुझी बोटं लाव. पण दिवस कापूस वेचणीचे. तिची बोटं बोंडांनी ओरबाडून बाभळीच्या सालीसारखी झालेली. तिलाही दोबारा. माझ्या घंटीवर दळा म्हणाली, पण कालच तिने त्यात पाच किलो मिरची दळलेली. पोटाच्या आजाऱ्याला ते पीठ घातलं असतं तर त्याचं दुसरं ऑपरेशन मीच केल्यासारखं झालं असतं. गावातली गिरणी कधीच बंद पडली, घरोघरी घंट्या आल्या म्हणून. आणि जात्याचा वरचा दगड म्हशीच्या गोठ्यात पाय धुवायला टाकलेला. होतं तेव्हा कोणी जपलं?

तशात भाऊ आला. शर्ट खांद्यावरून ओघळत होता. मी काही सांगणार नव्हते, पण आतली बाई ओरडत होती ना. तो हळूच आत आला, घंटीपुढे बसला, दोन खुणांवर दोन बोटं ठेवली. पाच सेकंद. कुलूप उघडलं, असं बाई गोड आवाजात बोलली.

मला आनंद झाला, पण त्याचं तोंड उतरलं. तळहात उलटेपालटे करून बघत राहिला. घट्टे सगळे गेले होते, आतली कातडी गुलाबी, मऊ.

"अक्का," तो म्हणाला, "हाऊ हात मन्हा नही. कोन्हा सायबना शे."

आम्हा बहीणभावांना गोड बोलणं कधी जमलंय? मी म्हटलं, "लोळी लोळी व्हयना सायब. मशीनले आळशी माणूसच चालस."

तो पोट धरून हसला. टाके दुखतात म्हणून धरलं होतं, तरी हसला.

तरी दळण कुठे झालं होतं? बाई विचारते, धान्य निवडा. गहू, तांदूळ, बाजरी, ज्वारी, बेसन. कळणा नाहीच. भाऊ म्हणाला ज्वारी दाब. मी म्हटलं, उडीद लपवून ठेवू का तिच्यापासून? असं भांडत भांडत आम्ही शेवटी ज्वारीच सांगितली. तिला काही कळलं नाही. एवढी हुशार, पण नाक नाही तिला.

त्याने भाकरी खाल्ली, वर अर्धी मागून घेतली. भरतात मिरची कमी म्हणून नावंही ठेवली. मी ऐकून घेतलं.

या गोष्टीलाही आता तीन महिने होत आले. परवा नाकानेच काच दाबून त्याला फोन लावला तर उचलेना. दोनदा, तीनदा. जीव खालीवर झाला. मग भावजयीच्या फोनवरून त्याचाच आवाज आला, चिडलेला. पहाटेपासून मिरचीला पाणी भरत होता, हातात फावडं. फोन वाजतो, हा काचेवर बोट घासतो, आणि फोन काही उचलला जात नाही. "बोटच चालत नही मन्हं," म्हणाला. तुझ्या मुलाला सांगून बटणांचा साधा फोन मागवून दे म्हणे.

मी म्हटलं, मागवते. आणि दोन मागवले.