दोघी बहिणींचा किवी

माझी थोरली बहीण, आमची ताई, भावजी गेल्यावर गिरगावातली खोली बंद करून माझ्याकडे हाटकेशला राहायला आली, तेव्हा तिला फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. काचबिंदूनं बाकीचं सगळं हळूहळू नेलं होतं. मी एकटीच राहते. शाळेत हस्तकला शिकवायचे, नुकतीच निवृत्त झाले होते. शिकवायला समोर कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे सगळा उत्साह ताईच्या वाट्याला आला. तिला हाताला धरून मोरीपर्यंत न्यायचं, ताटात भाजी कुठे नि आमटी कुठे ते सांगायचं, पाण्याचा पेला थेट तळहातावर ठेवायचा. जिनं जन्मभर शेजारपाजारच्या बायकांचे ब्लाउज शिवले, ती आता खिडकीजवळच्या खुर्चीत मुकाट बसून असायची.

ताईची मुलगी न्यूझीलंडला असते. किवी पक्ष्यांची पिल्लं वाढवतात अशा एका केंद्रात कामाला आहे. जंगलातल्या बिळांतून अंडी आणायची, मशीनमध्ये उबवायची, पिल्लू दांडगं झालं की परत जंगलात सोडायचं. कारण तिथे मुंगसासारखं एक जनावर आहे, माणसांनीच बाहेरून नेलेलं, ते लहान पिल्लांचा फडशा पाडतं. मोठा किवी मात्र लाथ घालून त्याला पळवतो. रविवारी सकाळी तिचा फोन येतो आणि गप्पा निम्म्या आईच्या गुडघ्यांबद्दल, निम्म्या किवीबद्दल.

अशाच एका रविवारी फोन ठेवल्यावर ताई म्हणाली, "अगं, पोरगी एवढी ज्याच्यामागे धावतेय, ते दिसतं तरी कसं?"

"कोंबडीएवढं. तपकिरी. चोच लांब. शेपूट नाही."

"शेपूट नाही? मग मागून कसं?"

"गोल."

"गोल म्हणजे काय? लिंबू गोल, भोपळाही गोल."

मला पुढे सांगताच येईना. मी म्हटलं, "थांब, तुला करूनच देते."

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर पसारा मांडला. जुन्या गोधडीच्या चिंध्या कोंबून पेरूसारखं अंग केलं, वर निमुळतं, खाली फुगीर. चोचीसाठी बांबूची कामटी तासून किंचित वाकवली. फोनवर भाचीला विचारलं तर ती म्हणाली, "मावशी, नाकपुड्या विसरू नकोस. आणि त्या टोकाला कर हं, वर कपाळाशी नको. बाकी पक्ष्यांच्या नाकपुड्या चोचीच्या मुळाशी असतात, याच्या शेंड्याला. चोच मातीत खुपसतो आणि हुंगून अळ्या-गांडुळं शोधतो. डोळ्यांचा त्याला फारसा उपयोग नाही." मी दाभण तापवून चोचीच्या टोकाला दोन भोकं पाडली.

पिसांचं मात्र अडलं. किवीची पिसं पिसांसारखी नसतातच, लांब केसांसारखी असतात. उडायचंच नाही, तर कडक पिसं हवीत कशाला? पूर्वी त्या जंगलात जमिनीवरून पाठलाग करणारं जनावरच नव्हतं, म्हणून त्यानं उडणं सोडून दिलं. आमच्या मागच्या गल्लीत ब्रश बनवायचा एक गाळा आहे, तिथे गेले. मालकाला म्हटलं, "भैया, थोडे बाल चाहिये, ब्राउन. किवी बना रही हूँ."

"किवी तो फल है ना, मॅडम?"

"पक्षी भी है."

त्याने हसत हसत उरलेल्या केसांची पिशवी भरून दिली आणि वर सांगितलं, "बनने के बाद दिखाना."

ते केस मी गोंदाने चिकटवायला घेतले. ताईने हात फिरवला तर पुंजकाच तिच्या बोटांना चिकटून आला. तिने तोंड वाकडं केलं. "हे काय? गबाळ्या कामाची तू पहिल्यापासून. सुईत दोरा ओवून दे मला."

मी दोरा ओवून दिला. तिने केसांची बारीक जुडी करून टाका घातला, गाठ मारली, मग बोटाने अंदाज घेऊन शेजारी दुसरी जुडी. दुपारचा चहा निवून गेला तरी तिचं लक्ष नव्हतं. त्या दिवसापासून किवी तिचा झाला आणि मी दोरा ओवणारी.

चोचीच्या मुळाशी मांजरीच्या मिशांसारखे राठ केस असतात, अंधारात चाचपायला, ते तिने खराट्याच्या काड्यांचे केले. पंखांबद्दल मी सांगितलं तेव्हा तिला खरं वाटेना. अंगठ्याएवढाच पंख, टोकाला एक बारीकशी नखी, आणि सगळा केसांत बुडालेला. "ठेवलाय कशाला मग?" ती म्हणाली. तरी दोन्ही बाजूंना नीट शिवला.

एका फोनला भाची जरा अडखळत म्हणाली, "आई, एक सांगू? इथे जंगलात अगदी आंधळे किवीसुद्धा सापडलेत. पूर्ण आंधळे. पण धडधाकट, खाऊनपिऊन गुटगुटीत."

मी ताईकडे बघितलं. ती सुई थांबवून ऐकत होती. मग म्हणाली, "त्यांना कुणी हाताला धरून मोरीपर्यंत नेत नसणार."

भाचीला वाटलं, आईला लागलं. पण ताई हसत होती, आणि तो टोला कुणाला होता ते मला बरोबर कळलं. मला राग आला, दिवसभर मी घुम्यासारखी वागले. संध्याकाळी ताई उठली, भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेली, डबे उघडून हुंगत हुंगत चहाचा डबा काढला आणि दोघींचा चहा केला. साखर जरा जास्त झाली होती. मी कप संपवला. दुसऱ्या दिवशी मी तिचा हात धरला नाही. ती मोरीपर्यंत जाऊन आली.

श्रावणात तिने नवीनच काढलं. "तो राहतो त्या जागेचा वास कसा असेल गं?" भाचीने सांगितलं होतं, ओलं गच्च जंगल, नेचे, कुजलेला पाला, झाडांच्या मुळांखाली बीळ. बीळ खोदून किवी ते काही दिवस तसंच सोडतो, तोंडाशी शेवाळ वाढून ते झाकलं की मग वापरतो. तसा वास शोधायला आम्ही रिक्षाने तारोडी गावाला गेलो. तिथे एका वाडीत गर्द झाडी होती, आत जायला मालकिणीला विचारलं.

"जावा की. पन हितं बघायला काय न्हाय, निस्ता चिखल हाय," ती बाई म्हणाली.

"आम्हाला चिखलच हवाय," ताई म्हणाली.

झाडाखाली बसून तिने काठीने पाला उकरला, मूठभर माती नाकाशी नेली आणि बराच वेळ हुंगत राहिली. अळंबीचा, ओल्या लाकडाचा वास. मालकीणबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. तिला किवीची हकिकत सांगितली, तर अंडं केवढं ते ऐकून ती खालीच बसली. कोंबडीएवढ्या मादीचं अंडं छोट्या पपईएवढं!

"आगं बाय! आन ऊब कोन देतं?"

"नर," मी म्हटलं. "कितीतरी दिवस बसून असतो."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली, आणि ती नि ताई खदखदून हसल्या. परत निघताना तिने आम्हाला दोन शहाळी दिली.

नाताळच्या सुट्टीत भाची आली. तोवर किवीच्या पायांत मी नटबोल्ट भरले होते, वजन यावं म्हणून, आणि करवंटीच्या नख्या बसवल्या होत्या. ताईने तो कापडात गुंडाळून लेकीच्या मांडीवर ठेवला. "डोळे मीट आणि बघ," म्हणाली.

भाचीने डोळे मिटून सगळीकडून हात फिरवला. मिशा, नाकपुड्या, केसांत लपलेला पंख. मग तिने एकदम त्याचे दोन्ही पाय मुठीत धरून त्याला उचललं. नटबोल्टांचा खडखडाट ऐकून ताई ओरडली, "अगं, पाय मोडशील त्याचे!"

"आई, असंच धरतात त्याला. छाती अगदी नाजूक असते, दाबली तर संपलाच. सगळी ताकद पायांत. ये, तुला दाखवते."

तिने आईचा एक हात घेऊन किवीच्या पायांवर ठेवला, दुसरा पाठीखाली. ताईने त्याला उचलून कुशीत घेतलं, तान्ह्या मुलाला घ्यावं तसं, आणि लेकीला विचारायला लागली की खरा किवी असा धरला की फार धडपडतो का, आणि मग त्याला गप्प कसं करायचं.