व्हिसाचे फोटो

फोटो स्टुडिओत माणसं फोटो काढायला येतात आणि बोलणं टाकून जातात. फोटो चार दिवसांनी घेऊन जातात, बोलणं न्यायला मात्र कुणी परत येत नाही! आठवीत शाळा सुटली तसा मी कॅमेऱ्यामागे उभा राहिलो. तिथे स्वतः बोलावं लागत नाही, म्हणून ऐकायला भरपूर मिळालं. त्यातलं जास्त मिरकरवाड्याच्या शमीमभाबींचं. नवरा सलीमभाई कुवेतला ड्रायव्हर. भाबींना दोन्ही मुलांना घेऊन त्यांच्याजवळ राहायला जायचं होतं, एवढंच.

*

पहिल्यांदा आल्या तेव्हा धाकटी मुमताज तान्ही होती. तिला धरायला तर हवं, पण धरणारं माणूस फोटोत दिसता कामा नये! शेवटी भाबी खुर्चीवर बसल्या, मी त्यांच्या डोक्यावरून पांढरी चादर टाकली आणि मांडीवर मुमताज.

थोरला अन्वर बघत होता. म्हणाला, "अम्मी, तू कुवेतला लपून जाणार काय?"

*

फोटो तयार झाले आणि तिकडचा नियम बदलला. समोरच्या दुकानातले एजंट चाचा समजावायला आले. "आता ज्याचा पगार जास्त, त्यालाच बायको बोलावता येते. ड्रायव्हरचा पगार त्यात बसत नाय, भाबी."

"निकाहाच्या वेळी काजीने पगार विचारला नव्हता!"

*

चाचांनी दुसरी वाट सांगितली. व्हिजिट व्हिसा. तीन महिने राहायचं आणि परत यायचं.

भाबींच्या सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे नवऱ्याच्या घरी पाहुणी? चाय पिऊन परत?"

तरी भाबी तयार झाल्या. मुमताजला एव्हाना दात आले होते, जुना फोटो चालेना. नवा काढला. तर सलीमभाईंच्या मालकानेच सही द्यायला नकार दिला.

*

मग तिसरी वाट. भाबींनी एकट्यानेच घरकामाच्या व्हिसावर जायचं.

"तिकडे दुसऱ्यांची पोरं सांभाळू, मग माझी कोण सांभाळणार? तू?" भाबींनी एकदम मलाच विचारलं.

मी गोंधळलो आणि म्हटलं, "ठेवा इथे."

सगळे हसले. मी खरंच म्हटलं होतं. दुपारी स्टुडिओत कुणीच नसतं.

*

शेवटी सलीमभाईच महिन्याच्या सुट्टीवर आले. ईदला सगळे फोटोसाठी हजर!

आमच्याकडे एक पद्धत आहे. घरातला माणूस परमुलखात असला की त्याची खुर्ची मोकळी ठेवून फोटो काढायचा, मागाहून त्याचा फोटो तिथे चिकटवायचा. भाबींच्या घरचे सगळे फोटो तसेच. या खेपेला सलीमभाई स्वतः येऊन मधल्या खुर्चीवर बसले.

मुमताज त्यांचा हात ओढायला लागली. "उठ! ही अब्बांची जागा हाय!"

"अगो, हेच तुझे अब्बा!" भाबी म्हणाल्या.

मुमताजने भोकाड पसरलं.

सलीमभाई उठले. कॅमेऱ्यामागे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मुमताज गप्प झाली, खुर्चीला टेकून नीट उभी राहिली.

"काढ," सलीमभाई म्हणाले.