तानीच्या तोंडचा सोमा

मालिनीबाईंना मूल नव्हतं, पण मुलांविषयीची पुस्तकं इतकी होती, की शरदचंद्रांना कपाटात शर्ट ठेवायला जागा उरली नव्हती. शरदचंद्र म्हणजे बाईंचे यजमान, अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी. स्वभावाने गरीब, शर्ट खुर्चीवर टाकायला शिकले. पुस्तकं यायची उल्हासनगरच्या एका रद्दीवाल्याकडून. जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं, की तो सिंधी गृहस्थ ते बाजूला काढून ठेवी आणि बाई दिसताच भर बाजारात ओरडे, "दीदी, बच्चों का माल आया है!" बाई लाजून चूर. पण मूल भाषा कशी शिकतं, विचार कसा करतं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी घडाघडा सांगता आलं असतं.

नुसत्या वाचनाने भागेना, तेव्हा शहाऐंशी साली महिला मंडळाला गळ घालून त्यांनी बारवी धरणाजवळच्या एका वाडीत बालवाडी काढली. बदलापूरहून सकाळच्या एसटीने जायचं, दुपारी परतायचं. पोरं आधी बाईंच्या चष्म्याला भ्यायली, मग अंगाखांद्यावर चढू लागली. बाई त्यांना छान छान गोष्टी सांगत, आणि कुणी 'जाव' म्हटलं, की हसत हसत 'जाऊ या' असं सुधारून घेत.

त्या पोरांत पाच वर्षांची तानी होती. ती कोपऱ्यात चिंचोके मांडून बसायची आणि एकटीच बोलत राहायची. बाईंना केवढा आनंद झाला! लहान मूल खेळताना स्वतःशीच मोठ्याने बोलतं, तोच त्याचा विचार असतो. पुढे तेच बोलणं मनात उतरतं. पुस्तकात असंच लिहिलं होतं. बाई हळूच जवळ सरकल्या.

"सोमा, तुजा डाव," तानी म्हणाली. मग आवाज जाड करून स्वतःच उत्तरली, "झाला माजा. चल गं ताने, करवंदा काढाया जाव."

सोमा तिचा थोरला भाऊ. आदल्या साली धरणाच्या पाण्यात बुडून गेला होता. तानीच्या तोंडून तो हसे, रुसे, भूक लागली म्हणे. बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला, आणि हे पाणी त्याच धरणाचं, हे आठवून तसाच खाली ठेवला.

तानीची आई जिवली रोज येऊन बाहेर कुडाच्या भिंतीला लागून उभी राही. पदराचा बोळा तोंडात, नजर खिळलेली. बाई दाराशी आल्या, की लगबगीने निघून जाई. गेलेल्या पोराचं नाव घरात कुणी काढायचं नाही, काढलं तर त्याचा जीव मागे ओढला जातो, अशी त्या घरची रीत होती. बाईंनी ती ऐकली आणि दोन अधिक दोन चार करून टाकले. ही बाई भुताला भिते आहे! वाडीवरची माणसं, दुसरं काय करणार? उद्या पोरीला भगतापुढे बसवून झोडपून काढतील, या धास्तीने बाईंना अन्न गोड लागेना. घाई करू नका, ते बोलणं आपोआप मनात जातं, असं पुस्तक बजावत होतं. पण उतावीळपणाला पुस्तक काय करणार.

त्यांनी एक खेळ काढला. तोंड मिटायचं आणि बोलायचं ते मनातल्या मनात. जिचे ओठ हलणार नाहीत ती शहाणी. पावसाळा सरता सरता तानी शहाणी झाली. चिंचोके मुकाट्याने मांडू लागली. त्या दिवशी बाईंनी घरी शिरा केला, आणि शरदचंद्रांनी कारण न विचारता खाल्ला.

मग एक दिवस जिवली पहिल्यांदाच आत आली.

"बाय, माज्या सोमाला काय केलात?"

"सोमाला? मी?" बाईंनी विचारलं.

"आमाला त्याचा नाव घेता येत नाय. पोर नेणती, तिला दोष नाय. ती बोलायची नि मी कुडामांगं उभी ऱ्हायची. माजा पोऱ्या काय बोलतो, त्ये ऐकायची. आता ती बोलंच ना."

म्हणजे ती भीत नव्हती. रोज आपल्या लेकाला भेटायला येत होती. मालिनीबाई खाली बसल्या, तानीला मांडीवर घेतलं आणि काकुळतीने म्हणाल्या, "तानी, बोलाव गं सोमाला. मोठ्याने बोलू दे. आई ऐकते आहे."

पोर गुणी, बाईंचा शब्द खाली पडू द्यायची नाही. तिने डोळे मिटले. आवाज जाड केला.

"आई, तू कशी आहेस? मी मजेत आहे. चल, आपण फुले वेचायला जाऊ या."

खणखणीत, स्वच्छ, एकही चूक नाही. एरवी बाईंनी पाठ थोपटली असती.

जिवलीने लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "पुन्ना बोल," म्हणाली. पुन्हा तेच आलं. मग तिने तानीला उचलून कडेवर घेतलं.

"ह्यो माजा नाय," ती म्हणाली. रागाने नव्हे, अगदी हळू. "ह्यो तुमचा पोऱ्या हाय, बाय. तुमीच ठेवा."

तानी पुन्हा बालवाडीत आली नाही. बाई तिच्या दाराशी गेल्या, तर जिवलीने चहा दिला. बालवाडी पुढे चार वर्षं चालली आणि बाईंच्या गुडघ्यांनी ती बंद पाडली. पुस्तकं अजून कपाटात आहेत. बाई ती वाचतातही, पण मोठ्याने. घरात कुणी नसलं तरी मोठ्याने. शरदचंद्रांना वाटतं, वय झालं.

खरं कारण वेगळंच. त्या मनात वाचू लागल्या, की दोन ओळींनंतर तो आवाज त्यांचा राहत नाही. कुणी मुलगा वाचू लागतो, जाड आवाजात, अगदी शुद्ध. पानाच्या शेवटी तो थांबतो.

"आई," तो विचारतो, "पुढचे पान उलटू या?"