तूर कापल्यावर

भातकुली तालुक्यातल्या आमच्या शाळेत आरोग्याचं सगळं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण स्टाफमध्ये मी एकटीच बाई. मोठे सर म्हणाले, "मॅडम, हे तुमचंच खातं." आता ताप काय फक्त बायकांनाच येतो? पण मी अमरावतीहून अपडाऊन करणारी, सकाळची एसटी चुकली की सरांच्या मेहेरबानीवर असणारी. गुमान हो म्हटलं. जंताच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, वजन-उंची, हात धुण्याचे तक्ते, सगळं माझ्याकडे आलं. आणि एकदा आलं म्हटल्यावर मी ते मन लावून केलं, हेही सांगते. अर्धवट काम मला चालत नाही.

त्यातच पाण्याची घंटा सुरू झाली. ठरलेल्या वेळी घंटा वाजवायची आणि सगळ्यांनी बाटली काढून पाणी प्यायचं. आमच्याकडचं ऊन ज्यांनी खाल्लंय त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. मी स्वतः घंटा वाजवायचे आणि वऱ्हांड्यात उभी राहून ओरडायचे, "प्या रे, प्या!"

छोट्यांचा प्रश्नच नव्हता. ती पाणी पितात, सांडतात, एकमेकांच्या अंगावर उडवतात आणि मग दिवसभर करंगळी दाखवतात. एकाने करंगळी वर केली की सगळ्या वर्गाला लागते. दुसरीच्या वर्गावर तास असला की माझं निम्मं डोकं तिथेच जायचं. सातवीत मात्र कोणतीच मुलगी करंगळी दाखवत नसे. मला वाटायचं, शहाण्या झाल्या पोरी.

या सातवीत एक मुलगी होती. मी फळ्यावर गणित लिहीपर्यंत हिचं उत्तर तयार. खडू खाली ठेवायच्या आधी मागून आवाज यायचा, "झालं, म्याडम." मी वरवर रागवायचे, "दुसऱ्याले बी सोडवू दे ना व!" पण आतून मला फार आनंद व्हायचा. असं एक पोरगं वर्गात असलं की शिकवायला हुरूप येतो.

संक्रांत झाली आणि तिचं पोट दुखायला लागलं. आधी एखादा दिवस, मग आठवड्यातले दोन-तीन दिवस. कधी ताप, कधी कंबर धरून बाकावर डोकं टेकलेलं. तिच्या वडिलांनी तिला अमरावतीला दाखवलं. डॉक्टरांनी सांगितलं की लघवीत इन्फेक्शन आहे, पोरीला भरपूर पाणी प्यायला लावा, नाहीतर किडनीवर जाईल. औषध झालं, बरं वाटलं. शाळेत आली आणि पुन्हा तेच.

मग एक दिवस वडील शाळेतच आले. शेती करणारा माणूस, बोलणं मोजकं. वर्गाच्या दाराशी चपला काढून उभे राहिले.

"म्याडम, पोरीले आता घरीच ठेवतो म्हणतो."

"काहून?"

"घरी राह्यली का बरी राह्यते. शाळेत आली का तिसऱ्या दिवशी ताप. मले शिकलेली पोरगी पायजे, पन पोरगी तं राह्यली पायजे ना!"

मी म्हटलं, "परीक्षेपर्यंत थांबा, भाऊ. मी पाहते." ते थांबले. पण तोंडावरून कळत होतं की माझ्यावर त्यांचा फारसा भरोसा नाही.

आता आमच्या भागात मूत्रपिंडाचं दुखणं म्हटलं की कोणी पुढे विचारतच नाही. सगळं पाण्यावर ढकलतात. हा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी तोंडात घेतलं की जिभेला मीठ लागतं, नळाच्या तोंडाशी पांढरं कडं बसतं, डाळ शिजता शिजत नाही. मीही तेच धरून बसले. म्हटलं, पोरगी पाणी पीत नाही कारण पाणी खारं आहे. मग सरपंचांच्या घरी चकरा मारल्या, भांडले आणि शाळेत गोड्या पाण्याचे जार सुरू करून घेतले.

पहिल्याच दिवशी खिचडी अळणी झाली. शिजवणाऱ्या मावशींचा हात वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्याच्या हिशोबाने मीठ टाकणारा. गोडं पाणी आलं हे हाताला कोण सांगणार? पोरांनी ताटं तशीच ठेवली. वर एकजण पाणी पिऊन म्हणतो, "म्याडम, या पान्याले चवच नाई." अरे बाबा, पाण्याला चव नसते! मी कपाळावर हात मारून घेतला, पण त्या दिवशी मी खूश होते. वाटलं, सुटला प्रश्न.

प्रश्न कुठला सुटायला! घंटा झाली की मी त्या मुलीकडे पाहायचे. बाटली वर जायची, ओठाला लागायची आणि गळा हलायचा नाही. नीट पाहिलं तेव्हा कळलं की तिच्या बाजूच्या दोघी-तिघीही तसंच करताहेत. पिण्याचं नुसतं सोंग.

मोठ्या सुट्टीत मी तिला वऱ्हांड्यात धरलं. "काहून पीत नाहीस? आता तर गोडं पाणी आहे!" ती बाटलीचं झाकण फिरवत राहिली. "बाप घरी बसवून टाकेल, माहीत आहे ना? मरायचं आहे का तुले?" हे जरा जास्तच बोलले मी. पण भीती वाटली की माझं तोंड असंच सुटतं.

तिने वर पाहिलं. डोळ्यात पाणी होतं, पण आवाज खणखणीत.

"म्याडम, तूर कापली."

मला आधी कळलंच नाही. तुरीचा इथे काय संबंध? मग तिने हनुवटीने शाळेच्या मागे दाखवलं. तिथे पार नाल्यापर्यंत तुरीचं शेत. पावसाळ्यात वाढू लागते ती संक्रांतीपर्यंत माणसाच्या डोक्यावर उभी असते. मोठ्या सुट्टीत पोरी जोडीजोडीने त्यात जायच्या. आता शेत मोकळं झालं होतं. तुराट्यांचा ढीग बांधावर, आणि मधे थेट डांबरी रस्त्यापर्यंत काहीच आडोसा नाही. रस्त्यावर गावची पोरं मोटारसायकली लावून बसलेली. तिचं घर शेतातल्या वस्तीवर, सुट्टीत जाऊन येण्याजोगं नाही.

"मंग पेऊन काय करू?" ती म्हणाली. आणि थोडं थांबून, "तुमी तरी कुटी पेता?"

माझी बाटली पर्समध्ये होती. सकाळी घरून भरून आणलेली, काठोकाठ. रोज भरलेली आणायची आणि रोज भरलेलीच परत न्यायची, संध्याकाळी घरी गेल्यावर तुळशीत ओतायची. इतक्या वर्षांत ही गोष्ट मला वेगळी वाटलीच नव्हती. नोकरी करणाऱ्या बाईला हे जमवावंच लागतं, एवढंच मला ठाऊक होतं. आरोग्याच्या तक्त्यात ते कुठे लिहिलेलं नसतं.

शाळेत मुलींचं शौचालय नव्हतं असं नाही. होतं! चांगलं टाइल्स लावलेलं, भिंतीवर हात धुणारी मुलगी रंगवलेली. आणि दाराला कुलूप. किल्ली मोठ्या सरांच्या टेबलाच्या खणात. पाहणीला कोणी आलं की उघडायचं. चार पुरुषांच्या देखत ती किल्ली मागायची मला लाज वाटायची, मग बारा-तेरा वर्षांच्या पोरीने कशी मागायची?

मी तशीच ऑफिसात गेले. म्हटलं, "सर, किल्ली द्या."

"कोणी आलं का पाहणीला?"

"पोरींना जायचंय."

"मॅडम, घाण करतात हो पोरी. नळाला पाणी नाही, सगळे क्षारांनी बुजले. घाण झाली तर साफ कोण करणार? मी?"

"पहिल्या दिवशी मी करते. दुसऱ्या दिवशी तुम्ही करा. अन् घाण होते म्हणून बंदच ठेवायचं असेल, तर गावातला दवाखानाही बंद करू. तिथे तर सगळे आजारीच येतात!"

शेजारच्या सरांनी वहीत डोकं घातलं. मोठ्या सरांनी खण उघडला. माणूस वाईट नव्हता. त्यांना हे कधी कोणी बोललंच नव्हतं, आणि न बोलणाऱ्यांत मीही होते.

कुलूप काढलं तेव्हा दिसलं की दाराला आतून कडीच नाही. बाहेरून कुलूप, आतून काही नाही! दुसऱ्या दिवशी मोठे सरच गावातून कडी घेऊन आले आणि बाह्या सारून त्यांनी ती ठोकली. पाण्याचा ड्रम आणि प्लास्टिकचा मग ठेवला. तरी पोरी जाईनात. मुलांच्या देखत त्या दारात शिरायचं म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको होतं. मग मोठ्या सुट्टीत, सगळं मैदान भरलेलं असताना, मी वऱ्हांड्यात उभं राहून अख्खी बाटली प्यायले. घटाघटा. आणि थोड्या वेळाने सगळ्यांसमोरून चालत गेले, कडी लावली. मैदान असं गप्प झालं की मला आत हसूही आलं आणि रडूही. बाहेर आले तर ती उभी होती, मैत्रिणीचा हात धरून.

तिच्या वडिलांना मी काय झालं ते सांगितलं. ते खाली पाहत म्हणाले, "आमच्या ध्यानातच नाई आलं, म्याडम." परीक्षेपर्यंत पाहतो म्हणाले. परीक्षा झाली, उन्हाळा गेला. आमची शाळा आठवीपर्यंत आहे, आणि जूनमध्ये ती दप्तर घेऊन आली तेव्हा मी मस्टरवर सही करता करता तशीच थांबले.

यंदा संक्रांतीनंतर मागची तूर कापायला मजूर आले, त्या आठवड्यात माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शिकवता शिकवता नजर खिडकीबाहेर जायची. शेत एकेक ओळ मोकळं होत रस्त्यापर्यंत गेलं. पाण्याची घंटा झाली, पोरींनी बाटल्या काढल्या. मी समीकरण सोडवत होते, ऐन रंगात आले होते, आणि मागच्या बाकावरून हात वर झाला. मला वाटलं, झालं हिचं उत्तर.

उत्तर नव्हतं. साऱ्या वर्गादेखत, पोरांदेखत, माझ्याकडे सरळ पाहत तिने करंगळी वर धरली होती.

"जा," मी म्हटलं, आणि खडू घेऊन फळ्याकडे वळले, कारण मला वर्गासमोर रडायचं नव्हतं.