धामणीची नऊ अंडी आणि माझी स्वच्छता

नायगावात चाळी पाडून टॉवर बांधायचं काम चालू आहे. तिथल्या ढिगाऱ्यात जेसीबीवाल्याला धामणीची नऊ अंडी सापडली. रहिवाशांना ट्रान्झिट कॅम्प मिळाला होता. धामणीकडे कागदपत्रं नसावीत. म्हणून अंडी आमच्या प्रभादेवीच्या वन रूम किचनमध्ये आली. माझी मुलगी सर्पमित्र आहे. वनखात्याच्या परवानगीने तिने पहिल्यांदाच अंडी उबवायला घेतली होती. पिल्लं मोजून परत द्यायची होती.

"बाबा, अंडं फिरवायचं नाही. वरची बाजू वरच. फिरलं तर आतलं पिल्लू मरू शकतं."

मोजमापाचं काम मी घेतलं, कारण घरात दुसऱ्या कुणाला थर्मामीटर वाचता येत नाही असं माझं मत आहे. प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलने आकडा घातला, एक ते नऊ. ओलसर कोकोपीटचा डबा तांदळाच्या पिंपावर. सकाळ-संध्याकाळ तापमान वहीत. मुलीच्या तापाची नोंदही मी इतकी ठेवली नव्हती, असं बायको म्हणाली.

माझी आई मालवणची. पहिल्या दिवशी म्हणाली, "माका गावाक धाड. सरपाच्या शेजाराक माका झोप येवची नाय." त्रेपन्नाव्या दिवशी नागपंचमी आली आणि तीच आई आंघोळ करून डब्यासमोर बसली. प्रत्येक अंड्याला हळदकुंकू, वरून वाटीभर दूध ओतलं.

"देव घराक इलो, तेका उपाशी ठेवू?"

दूध नासणार, बुरशी धरणार, एवढं मला कळत होतं. मुलगी रे रोडच्या लाकडाच्या वखारीत साप पकडायला गेली होती. मी स्वच्छ माणूस. नऊच्या नऊ अंडी नळाखाली धुतली, पंच्याने पुसली, नव्या कोकोपीटमध्ये तीन-तीनच्या तीन रांगांत मांडली. फार सुबक दिसत होतं. मग लक्षात आलं, हळदीबरोबर आकडेही गेले.

मुलीने येऊन डब्यात पाहिलं. "वरची बाजू कुठली?"

मी वही पुढे केली. "तापमान सगळं आहे."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

बारा दिवसांनी सहा अंडी फुटली. दीड-दोन वितीची, रागीट पिल्लं. तीन तशीच राहिली. मुलगी वनखात्याचा कागद भरायला बसली.

"तीन न फुटण्याचं कारण काय लिहू?"

आई आतून म्हणाली, "दूध कमी पडला म्हणान लिव."

"धुताना फिरली, असं लिही," मी म्हटलं. "धुणाऱ्याच्या नावासकट."

तिने कारण लिहिलं, नाव नाही. ती सूट मी मागितली नव्हती, पण घेतली.