सिलिंडरचा नंबर आणि साहेबांचं जेवण

साहेबांना उपाशी ठेवायचं माझ्या मनात कधीच नव्हतं हो. मनात होतं ते बेसनाच्या पातोडीचा रस्सा खाऊ घालायचं. पण माझी अक्कल मध्ये आली, त्याला मी तरी काय करू?

मी चिचगडला नववीला शिकवते. शनिवारी एक तास पैशाच्या व्यवहाराचा. बचत झाली, व्याज झालं, पोरं जांभया देऊन राहिली. ओटीपीवर आले अन् वर्ग जागा झाला. मग मलाही चेव आला. म्हटलं, "मोबाइलवर आलेला नंबर कोणालाच सांगायचा नाही. बँकवाला मागो, पोलीस मागो, मी स्वतः मागितला तरी नाही. अन् हे घरी सगळ्यांना शिकवायचं. हाच गृहपाठ."

आजवर माझा गृहपाठ अख्ख्या वर्गानं केला असेल तर शपथ. हा मात्र झाडून सगळ्यांनी केला.

सोमवारी शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला, हाच तास बघायला येणार होते. जेवण माझ्याकडे. सकाळी बेसन भिजवलं अन् गॅस संपला. नशिबानं देवरीहून सिलिंडरची गाडी त्याच दिवशी यायची होती. माझी पिंकी माझ्याच वर्गात. तिला माझा फोन देऊन घरी बसवलं. टाकी देताना गाडीवाला मोबाइलवर आलेला नंबर विचारतो, एवढंच सांगायचं राहिलं.

अकरा वाजता गाडीवाला घामाघूम होऊन शाळेत हजर.

"मॅडम, या गावाले झालं काय? टाकी घ्याले हो म्हणतेत, नंबर मागतला का दार लावतेत. एका आजीनं तं खराटा उगारला. तुमची पोरगी बी देऊन नाही राहिली. भरली गाडी वापस नेतो मी."

मी शिपाईकाकांचा फोन घेतला.

"पिंके, गाडीवाल्या भाऊला नंबर दे."

"कोण बोलता जी?"

"अगं, मी तुझी आई."

"आईचा फोन तं माझ्या हातात आहे. मग तुम्ही आई कशा?"

"पिंके, थापड खाशील हं."

"आवाज तं सेम काढून राहिल्या. पण आमच्या मॅडमनं सांगतलं, त्यांनी मागतला तरी द्यायचा नाही."

फोन कट. पुन्हा लावला, तर ब्लॉक. राग आला, अन् खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटला. धावत घरी जावं, तर साहेबांची गाडी फाटकात. सिलिंडरची गाडी गेली ती गेलीच.

तास झाल्यावर घरी पळाले. गॅसची शेगडी गार, अन् लाइट गेलेली म्हणून विजेचीही बंद. शेजारच्या चुलीवर भात टाकला. मला चुलीची सवय नाही, तो वरून कच्चा अन् खालून कोळसा. शेवटी साहेबांपुढे चिवडा अन् दोन केळी ठेवली. लाजेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेब भला माणूस. चिवडा चावत म्हणाले, "तास छान झाला, मॅडम. पण खरं सांगा, पोरं ऐकतात का? गावात याचा काही परिणाम दिसतो?"

मी खाली मान घालून म्हटलं, "दिसतो साहेब. तुमच्या ताटातच वाढलाय."