नवसात सोडलेले गोड

सोनिवलीच्या कौसाबाई भित्र्या आहेत, असे त्यांना ओळखणारा कोणीही म्हणणार नाही. तीस वर्षे त्यांनी बदलापूरच्या बाजारात भाजी विकली. काकडीच्या वेलांत एकदा घोणस निघाली, तेव्हा पुरुष माणसे काठी शोधत राहिली आणि कौसाबाईंनी भाजीचे टोपले तिच्यावर पालथे घालून वर दगड ठेवला. परंतु मागच्या भाद्रपदात त्यांच्या नातीला, तेजस्वीला, उल्हासनगरच्या दवाखान्यात बेशुद्ध अवस्थेत न्यावे लागले. त्या दिवसापासून भीतीने कौसाबाईंच्या पोटात जे घर केले, ते काही सुटले नाही.

तेजस्वी तेव्हा आठ वर्षांची होती. महिनाभर ती तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती आणि दिवसेंदिवस वाळत होती. डॉक्टरांनी साखरेचा आजार सांगितला. हा आजार पोट सुटलेल्या म्हाताऱ्यांना होतो एवढेच कौसाबाईंना ठाऊक होते. एवढ्याशा पोरीला रोज चार सुया टोचाव्या लागतात, हे त्यांच्या बुद्धीत शिरेना. त्यांना एकच गोष्ट कळली, की साखरेने आपल्या नातीला पाडले.

मग त्यांनी आपल्याला येत होता तो उपाय केला. त्यांच्या माहेरी नवस बोलताना आवडीचा जिन्नस सोडण्याची रीत होती. गावदेवीपुढे नारळ ठेवून त्यांनी साऱ्या घराच्या वतीने गोड सोडले. पोरीची सुई सुटेपर्यंत या घरातले कोणी गोड खाणार नाही, आणि घरातले माणूस हातात गोड घेऊन उंबरा ओलांडणार नाही, असा त्यांचा शब्द होता. त्यांचे यजमान दौलतराव यांनी विचारले, की देवीला बोलण्याआधी घरात विचारायची पद्धत नाही का.

या कुटुंबाची आणखी एक रीत होती. मुलगा सुजित अंबरनाथच्या कारखान्यात कामाला आहे आणि सून किर्ती उल्हासनगरला कापडाच्या दुकानात बसते. दोघांना एकत्र सुट्टी क्वचितच मिळते. म्हणून वर्षातून एकदा सगळे मिळून वांगणीच्या पुढे असलेल्या थीम पार्कमध्ये जात. खरे पाहता त्यांना पाळण्यांपेक्षा तिथल्या खाण्याचे वेड होते. दौलतरावांना मलई कुल्फी लागे, सुजितला गरम जिलेबी, किर्तीला कोनातले आइस्क्रीम. तेजस्वीला बुढ्ढी के बाल हवे असत, तेही गुलाबीच. कौसाबाई स्वतःसाठी काही मागत नसत. नातीच्या काडीला चिकटलेली साखर बोटाने काढून चाखण्यात त्यांचा आनंद होता.

यंदा जायचे की नाही, यावर घरात चार दिवस खल झाला. शेवटी किर्ती म्हणाली, की पोरीच्या आयुष्यातले सगळेच काढून घ्यायचे नाही. खाणे मोजून, सुई वेळेवर देऊन आपण जाऊ.

निघायच्या सकाळी पिशवीत टॉवेल भरताना कौसाबाईंच्या हाताला किर्तीने ठेवलेली ग्लुकोजची डबी लागली. झाकण उघडून त्यांनी बोटाने चव घेतली. ही निव्वळ साखर होती, आणि ती आपल्याच माणसांच्या हातून उंबरा ओलांडणार होती. त्यांनी तोंड धुतले, देवीची क्षमा मागितली आणि डबी तांदळाच्या डब्यामागे ठेवून दिली. कोणाला सांगितले नाही.

पार्कमध्ये दोन तास तेजस्वी खूप धावली. जेवण तिने अर्धेच केले. नंतर सुजितने किर्तीला मोठ्या झुल्यावर चलण्याचा आग्रह केला. किर्तीचा पाय निघत नव्हता. तिने सासूबाईंना पुन्हा बजावले, "आई, तिला घाम सुटला, हात थरथरले, तर साखर उतरली असं समजा. पिशवीत डबी आहे, लगेच दोन चमचे द्यायचे. थांबायचं नाही."

कौसाबाईंनी मान हलवली. डबी घरी आहे, हे सांगायची हीच वेळ होती. शब्द जिभेवर आला होता. परंतु ज्या साखरेने पोर पडली, तीच साखर तिला उठवील, यावर त्यांचा विश्वास नव्हता. तासाभरात काय होणार आहे, असे त्यांनी मनाला समजावले. किर्ती रांगेकडे गेली.

तेजस्वी बाकावर आजीशेजारी बसली होती. थोड्या वेळाने ती बोलायची थांबली. कौसाबाईंनी पाणी विचारले, तर तिने नुसते पाहिले. तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि ओठ पांढरे पडले होते. हात धरला तर तो गार होता, आणि थरथरत होता.

"आजी, बाक हलतोय," ती म्हणाली.

कौसाबाईंना वाटले, नवस मोडला. कोणी मोडला, हेही त्यांना लगेच दिसले, कारण समोरून दौलतराव गुडघा सांभाळत येत होते आणि त्यांच्या मिशीला मलई होती.

"काय खाल्लंत?"

"एक कुल्फी. लहान होती."

"तुमच्या जिभेनं पोरीचा घात केला. बघा तिच्याकडं."

दौलतरावांनी पाहिले आणि ते एकदम गंभीर झाले. "मला मागून जोड्यानं मार. आधी तिला ती डबी दे. किर्ती काय सांगून गेली?"

"डबी नाही. मी काढली."

तेजस्वीची मान एका बाजूला कलत चालली होती. भाद्रपदात ती अशीच कलली होती. कौसाबाईंच्या मनात त्या एका क्षणात दोन भये समोरासमोर उभी राहिली. साखर दिली तर दिलेला शब्द मोडेल आणि देवीचा कोप या पोरीवरच होईल. न दिली तर पोर डोळ्यांसमोर जाईल. कोणते खरे, हे त्यांना ठरवता येईना. त्यांना फक्त किर्तीचे शेवटचे वाक्य आठवले, की थांबायचे नाही.

त्या उठल्या आणि पदर खोचून धावल्या. बुढ्ढी के बालवाल्यापुढे सात-आठ जण उभे होते. कौसाबाईंनी कोणाला काही सांगितले नाही. सरळ हात घालून टांगलेली एक पिशवी ओढून काढली आणि मागे फिरल्या. "ओ मावशी, पैसे," तो ओरडत राहिला. वाटेत पायातली चप्पल गेली.

दौलतरावांनी पोरीला टेकवून धरले होते. कौसाबाईंनी गुलाबी साखरेची चिमटी तिच्या ओठांत ठेवली. "गीळ बाय माझी. गीळ." ती विरघळली तशी दुसरी दिली, मग तिसरी. त्यांचे स्वतःचे ओठ देवीचे नाव घेत होते, आणि प्रत्येक चिमटीबरोबर आपण अपराध करतो आहोत, हा विचार त्यांना सोडत नव्हता. अर्धी पिशवी संपली तेव्हा तेजस्वीने स्वतः हात पुढे केला.

झुल्यावरून उतरताच किर्ती धावत आली, तिच्यामागे सुजित. तिने पर्समधून रक्तातली साखर तपासायचे यंत्र काढून पोरीच्या बोटाला टोचले. आकडा एकसष्ट आला, सत्तरच्या अजून खालीच. "डबी कुठंय?" तिने विचारले.

दौलतराव काहीतरी जुळवून सांगू लागले. कौसाबाईंनी त्यांना थांबवले आणि सारे सांगितले. डबी, उंबरा, झुल्याआधी गप्प राहणे, काहीही लपवले नाही. सून आता तोडून बोलेल, पोरीला आपल्याजवळ पुन्हा सोडणार नाही, असे त्यांना वाटले. तेही भय लहान नव्हते.

किर्तीने पोरीच्या कपाळावरचा घाम पुसला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "आई, सुई सुटायची नाही. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय. जन्मभर आहे. तुमचा नवस फिटणारच नाही."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्हाला सांगायचा धीर आम्हाला नव्हता."

पाव तास झाला होता. पुन्हा तपासायचे होते. किर्तीने नवी सुई बसवून यंत्र सासूबाईंच्या हातात दिले. "आता तुम्ही करा. एकटीला जमायला हवं."

कौसाबाईंनी यंत्र दोन्ही हातांनी धरले. तेजस्वीने आपले बोट त्यांच्या पुढे धरले.

"आजी, मधोमध नको, दुखतं. कडेला टोच."

त्यांनी कडेला टोचले. रक्ताचा थेंब वर आला, त्यांनी तो पट्टीला लावला, आणि आकडा उमटेपर्यंत त्यांनी श्वास घेतला नाही.